कोचरेकर बाईंचा ताळा

माझ्या कपाटाच्या खालच्या खणात वनस्पती तुपाचा एक जुना डबा आहे. त्यात दोनशे अठरा लाकडी मणी आहेत. सुपारीएवढे, मधून आरपार भोक असलेले, काहींवर अजून निळ्या रंगाचा पट्टा. हा आकडा मी मोजून सांगते आहे, ऐकून नव्हे. गेल्या आठवड्यात सुनेने नातीसाठी गणिताची पेटी मागवली. त्यात प्लास्टिकचे ठोकळे, अपूर्णांकांच्या चकत्या, मण्यांची पाटी आणि मुलांना हसतखेळत गणित कसं शिकवावं याची गुळगुळीत पुस्तिका. सून म्हणाली, "आई, तुमच्या वेळी शाळेत असलं काही नव्हतं ना?" होतं, म्हटलं. डबा काढला, झाकण उघडलं आणि परत लावून टाकलं. नातीपुढे तो डबा ठेवायला माझा हात धजत नाही.

परळ आणि लालबागच्या मधल्या एका गल्लीत महापालिकेची आमची चार मजली शाळा होती. मागच्या भिंतीला लागून गिरणी. मी तिथे मराठी शिकवायला लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. गिरगावातून बसने यायची, इस्त्रीची साडी नेसायची आणि गिरणगावाबद्दल मला इतकंच माहीत होतं की तिथले गणपती मोठे असतात. कोचरेकर बाई वरच्या वर्गांना गणित शिकवायच्या. पन्नाशीला आलेल्या, ठेंगण्या, रंगाने काळ्यासावळ्या. नऊवारी सोडून पाचवारी नेसायला लागल्या होत्या, पण चाल नऊवारीतलीच राहिली होती. पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत त्यांनी मला गाठलं.

"काय गो, जिन्याला पायऱ्या किती?"

"कोणत्या जिन्याला?"

"आत्ता चढून आलीस त्या."

मी ऐंशी असतील म्हणाले.

"मोजलंस की ऐकलंस?"

मी दोन्ही केलं नव्हतं. मधल्या सुट्टीत निमूट खाली गेले आणि पायऱ्या मोजत वर आले. अठ्ठ्याहत्तर निघाल्या. विजयी मुद्रेने सांगितलं तर बाई म्हणाल्या, "ताळा केलास? चढताना मोजल्यास, आता उतरताना मोज." उतरताना सत्त्याहत्तर निघाल्या. तिसऱ्यांदा मी गेले नाही. मी मराठीची शिक्षिका होते, मलाही काही अभिमान होता.

आलेलं उत्तर उलट बाजूने पडताळून पाहायचं, म्हणजे ताळा. बेरजेचा ताळा वजाबाकीने, भागाकाराचा गुणाकाराने. आपण सगळेच शाळेत शिकतो आणि सोडून देतो. बाईंनी सोडलं नव्हतं. मुलाने बरोबर उत्तर दिलं तरी त्या शाबास म्हणायच्या नाहीत, "ताळा केलास?" एवढंच. मुलगा हो म्हणाला तर त्या "बरोबर" म्हणायच्या, आणि ते एक "बरोबर" मिळवायला मुलं जीव टाकायची. हिशेब मनात चालू असला की त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायचा. चार बोटांची बारा पेरं झाली की डाव्या हाताचं एक बोट मिटायचं. डाव्या हाताची मूठ झाली, म्हणजे साठ. त्यांच्याशी बोलताना माझं लक्ष त्यांच्या तोंडापेक्षा हाताकडेच जास्त असायचं.

खात्याकडून शाळेला गणिताचं साहित्य म्हणून एक लाकडी कंपास आणि एक गुण्या आला होता. दोन्ही हेडमास्तरांच्या कपाटात कुलपात असत, कारण मोडले तर उत्तर कोण देणार? बाईंचं साहित्य भिंतीपलीकडून यायचं. त्यांचे वडील त्याच गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागावर कापड विणणारे. अर्ध्या वर्गाचे वडील त्याच खात्यात. त्यांच्याकडून बाई मोडक्या बॉबिन, सुताच्या पुठ्ठ्याच्या नळ्या आणि कापडाच्या पट्ट्या मागून घ्यायच्या. नळीभोवती दोरा गुंडाळायचा, तो उलगडून नळीच्या व्यासाशी मोजायचा. नळी जाडी असो की बारीक, दोरा तीन व्यास भरून वर थोडासा उरायचा, आणि बेचाळीस मुलं त्या उरलेल्या टीचभर दोऱ्याकडे डोळे विस्फारून बघत बसायची. अपूर्णांकांना कापड. एक पट्टी घ्यायची, टर्रकन फाडायची, अर्धी. तिची अर्धी, पाव. खाली माझ्या वर्गात कवितेच्या मध्येच वरून तो फाडण्याचा आवाज यायचा. मी तक्रार केली तर म्हणाल्या, "फाडल्याशिवाय पाव म्हणजे किती ते हाताला कळत नाही. तुझी कविता थांबली तर थांबू दे, ती काही फाटत नाही." मला राग आला होता. आता त्या बोलण्याचं हसू येतं.

नंदा परब ही बाईंची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी, हे बाईंनी कधी तोंडाने सांगितलं नाही. हजेरीत सतरावी. दोन घट्ट वेण्या, रोखून बघायची सवय, आणि बोलायला लागली की थांबायची नाही. वडील महादेव परब, साचेवाले. ती पाचवीत असताना तपासणीला एक साहेब आले. त्यांनी बाईंच्या नळ्या आणि पट्ट्या बघितल्या, नाक मुरडलं, "हे भंगार वर्गात कशाला?" म्हणाले आणि स्वतः खडू घेतला. "मुलांनो, समजा तुमच्या या वर्गाची लांबी वीस फूट आहे."

नंदाने हात वर केला. "सर, मोजलंत की ऐकलंत?"

साहेब थबकले. नंदा उभी राहून म्हणाली, "साडेअठरा आहे. आम्ही परवाच मोजली. ताळा पण केलाय."

मी दारात होते. कोचरेकर बाई पाठ करून खिडकीबाहेर गिरणीच्या धुराड्याकडे बघत होत्या, आणि त्यांचे खांदे हलत होते. नंतर खोलीत त्यांनी चहाचा कप तसाच ठेवला आणि मला म्हणाल्या, "शैला, ह्या पोरीला सातवीच्या शिष्यवृत्तीला बसवायची. हिला ह्या भिंतीच्या पलीकडं जाऊ द्यायची नाही. दुसऱ्याच बाजूनं काढायची." भिंतीच्या पलीकडं म्हणजे गिरणीत, आणि दुसरी बाजू म्हणजे कॉलेज, हे मला कळलं. त्यांना दुसरं काही नको होतं.

पुढच्या संक्रांतीनंतर चार दिवसांत संप सुरू झाला. मागच्या गिरणीचा भोंगा बंद पडला. आमच्या शाळेची घंटा, मुलांची झोप, चाळीतल्या बायकांचे नळ, सगळं त्या भोंग्यावर चालायचं. बाई घड्याळ शिकवायच्या तेही भोंग्यावर. पहिले दोन महिने तसे बरे गेले. वडील मंडळी घरी, मुलांना स्वतः शाळेत सोडायला येत, फाटकाशी उभी राहून हसत बोलत. मग ती बोलायची थांबली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मुलं वर्गात पेंगायला लागली होती. सहावीत सरासरी शिकवताना बाईंनी वडिलांची वयं आणायला सांगितली. नंदाने रेशनकार्ड बघून एकेचाळीस आणलं आणि ताळा म्हणून आजीलाही विचारून आली. बाईंनी मला ते कौतुकाने सांगितलं. त्या दिवसांत सांगण्यासारखं कौतुक फार उरलं नव्हतं.

एक संस्था संपकऱ्यांच्या मुलांसाठी धान्य देते असं कळलं. माझं अक्षर चांगलं म्हणून पत्र मी लिहिलं. 'मुलं उपाशी आहेत' असं लिहिलं, चांगलं दोन पानं. उत्तर नाही. बाईंनी पत्राची नक्कल वाचली आणि विचारलं, "उपाशी म्हणजे किती?"

त्यातून ते मणी आले. मोडक्या बॉबिनचे सुताराकडून तुकडे करून घेतले. वर्गाच्या मागच्या भिंतीवर तार ताणली, तारेला बेचाळीस दोऱ्या, खाली गाठ, वर हजेरीतल्या नंबराची चिठ्ठी. रोज घरात किती वाट्या तांदूळ शिजतो ते मुलांनी स्वतः मोजायचं. शनिवारी आठवड्याची सरासरी काढायची, सोमवारी आपल्या दोरीत तेवढे मणी ओवायचे. "नावं नाही लावायची," बाई म्हणाल्या. "भूक कोणाची ते सांगायचं नाही. किती ते सांगायचं." आणि मुलांना बजावलं, "एक वाटीसुद्धा वाढवून सांगाल तर धान्य मिळणार नाही, कमी करून सांगाल तर दुसऱ्याच्या तोंडचं जाईल. खोटा मणी ओवायचा नाही."

भाताच्या वाट्यांवरून मुलं सरासरी शिकली आणि आलेखही शिकली. इतकं चांगलं गणित त्या शाळेत आधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. संस्थेची माणसं आली, त्या भिंतीपुढे उभी राहिली, एकाने चष्मा काढून पुसला. पुढच्या महिन्यापासून पोती यायला लागली. दर महिन्याला ती माणसं येत, दोऱ्यांची बेरीज वहीत उतरवून नेत आणि त्यावर पुढची पोती ठरत.

गणपतीनंतर मणी उतरायला लागले. सहाचे चार झाले, चाराचे तीन. काही दोऱ्या रिकाम्या झाल्या, म्हणजे मुलं गावाला गेली. बाई त्या दोऱ्या काढायच्या नाहीत. वारा आला की मण्यांच्या दोऱ्या भिंतीवर टकटक करायच्या आणि रिकाम्या नुसत्या हलायच्या. वर्गात शिरताना मी त्या भिंतीकडे बघायचं टाळू लागले होते.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी सकाळी सात वाजता भोंगा वाजला.

दहा महिन्यांनी वाजला. मी जिन्यात होते. वर आले तर सगळ्या वर्गांत मुलं जागच्या जागी गप्प बसलेली. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. भोंगा वाजला म्हणजे गिरणीत कोणीतरी कामावर गेलं होतं, आणि ते कोण, हे त्या गल्लीत कोणीच मोठ्याने विचारलं नाही. मधल्या सुट्टीत मुलं खाली खेळायला गेली नाहीत.

त्याच महिन्यात सतराव्या दोरीवरचे मणी वाढले. तीनचे चार, मग पाच. पुढच्या सोमवारी सात. मी आपली भाबडेपणाने म्हणाले, "नंदाच्या घरी बरं चाललंय वाटतं."

"हळू बोल," बाई म्हणाल्या. त्यांचा अंगठा पेरांवरून फिरत होता, पण मोजण्यासारखं समोर काही नव्हतं.

महादेव परबने चाळीत सांगितलं होतं की तो भायखळ्याच्या बाजारात हमाली करतो. चाळीने ते मानलं होतं किंवा मानायचं ठरवलं होतं. बाईंनी त्या दिवशी नंदाला बाजूला घेतलं. मी तिथेच वह्या तपासत होते.

"नंदा, तुझी दोरी आता राहू दे."

"का, बाई?"

"राहू दे म्हटलं ना."

"पण मी मोजलंय." नंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. "वाटीने मोजलंय, सपाट भरून. आईला विचारा."

 बाईंनीच तिला तसं घडवलं होतं. त्या आठवड्यात संस्थेची माणसं मोजायला येणार होती, भिंत उतरवली असती तर पोती थांबली असती. "पुढच्या सोमवारी काढू सगळंच," त्या मला म्हणाल्या. "एवढं धान्य येऊ दे." मी हो म्हणाले. आठवडाभरात काय बिघडणार होतं, असं मला खरंच वाटलं.

शनिवारी सकाळी संप समितीची माणसं हातगाडीवरून संस्थेची आधीच्या महिन्याची राहिलेली दोन पोती घेऊन आली. त्यांच्याबरोबर दत्ताराम घाडी होता. साचेवाला, उंच, पूर्वी भजनात पखवाज वाजवायचा. त्या दहा महिन्यांत त्याचे खांदे नुसत्या खुंटीसारखे झाले होते. वाईट माणूस नव्हता. पोत्यातला पसाभर तांदूळही त्याने कधी स्वतःच्या घरी आधी नेला नाही. पोती तळमजल्यावर ठेवल्यावर तो मला म्हणाला, "ता मण्यांचा काय म्हनतत, ता बघूक मिळात काय, बाई?" आणि मी, शैला प्रधान, "चला ना, दाखवते" म्हणून त्याला पुढे होऊन अठ्ठ्याहत्तर पायऱ्या वर घेऊन गेले. मला त्या भिंतीचा अभिमान होता.

वर्ग चालू होता. घाडी दारात चपला काढून आत आला. त्याने भिंत इकडून तिकडे बघितली. "माझ्या चेडवाची दोरी खंयची?" त्याची मुलगी पुढच्या बाकावर होती, तिने लाजत तेवीसवर बोट दाखवलं. दोन मणी. घाडी हसला. बेचाळीस दोऱ्यांत कुठे दोन, कुठे तीन, कुठे एक. मग त्याची नजर सतरावर गेली आणि तिथेच राहिली.

"बाई," तो म्हणाला, "हो सतरा नंबर कोणाचो?"

 बाई फळ्यापाशी होत्या. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला, चालत मागे आल्या, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या बाईने, जिने आयुष्यात अर्धी पायरीही जास्त सांगितली नव्हती, सतरावी दोरी हातात घेतली आणि म्हणाली, "चूक झाली ती. माझी. मणी ओवताना मी चुकले. तीन आहेत."

आणि दोरीची गाठ सोडून त्यांनी मणी काढायला सुरुवात केली. एक काढला, दुसरा काढला.

"बाई, चूक नाही ती."

नंदा उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आपल्या बाईंवर कोणीतरी चुकीचा ठपका ठेवतंय आणि तो आपण दूर करणार, असा उजेड होता तोंडावर. "सातच आहेत. मी मोजलंय, ऐकलं नाही. मी ताळा पण केलाय."

बाईंच्या हातातून उरलेले मणी सुटले. ते फरशीवर पडून बाकांखाली घरंगळत गेले आणि मुलं सवयीने ते वेचायला खाली वाकली. नंदा एकटी उभी होती. घाडीने तिच्याकडे बघितलं, फार वेळ बघितलं. मग म्हणाला, "महादेवाचा चेडू गो तू?" तिने मान हलवली. त्याने दाराशी जाऊन चपला घातल्या. जाताना माझ्याकडे वळून म्हणाला, "येतंय बाई." आवाज अगदी साधा होता.

मला आजही वाटतं की घाडीला फक्त समजावायचं होतं. पण त्याने ते कोणाला तरी सांगितलं, त्याने आणखी कोणाला. बाई शाळा सुटताच परबांच्या चाळीत गेल्या, महादेव घरी नव्हता. त्याच्या बायकोला त्यांनी काय सांगितलं माहीत नाही. ती दार अर्धं लोटून उभी होती आणि "ते हमालीला जातात" एवढंच म्हणत राहिली, असं बाई म्हणाल्या. रविवारी त्या परत गेल्या. दाराला आतून कडी होती, कोणी उघडलं नाही.

मंगळवारी भोंगा वाजला आणि पाचेक मिनिटांत मागच्या भिंतीपलीकडून आरडाओरडा ऐकू आला. तो फार वेळ चालला नाही. बाई हजेरी घेत होत्या. सोळापर्यंत आल्या, सतरा म्हणाल्या, आणि उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा सतरा म्हटलं. मग त्या पुढचे नंबर न घेताच खुर्चीवर बसल्या.

महादेव परबला परळच्या इस्पितळात नेलं. तो वाचला, पण उजव्या हाताची बोटं राहिली नाहीत. साचेवाल्याचा हात तो, मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याबरोबर चालणारा. आठवड्याने खोलीला कुलूप लागलं. बिऱ्हाड कुडाळच्या बाजूला गावी गेलं असं कळलं. बाईंनी पत्रं पाठवली. एकालाही उत्तर आलं नाही.

भिंत त्यांनी स्वतः उतरवली. स्टुलावर चढून एकेक दोरी सोडली, मणी तुपाच्या डब्यात टाकले, प्रत्येक वेळी टण् असा आवाज व्हायचा. मुलं बघत होती. संस्थेची माणसं ठरल्यापेक्षा उशिरा आली, तेव्हा भिंत रिकामी होती. बाईंनी त्यांना कारण सांगितलं नाही. धान्य बंद झालं, आणि त्याचा दोषही त्यांनी घेतला. घाडीची मुलगी पुढच्या महिन्यात शाळेत यायची थांबली.

त्यानंतर बाई पुस्तकातून शिकवायला लागल्या. एका माणसाकडे बारा आंबे आहेत, एक टाकी दोन नळांनी भरते. मुलाने विचारलं, कोणाकडे आहेत आंबे, तर म्हणायच्या, "पुस्तकातल्या माणसाकडं." घरचं काही मोजून आणा असं त्यांनी पुन्हा सांगितलं नाही. "मोजलंस की ऐकलंस?" हे मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. खाली माझ्या वर्गात कविता आता सलग व्हायची, कापड फाडण्याचा आवाज येत नव्हता. मला ती शांतता नकोशी व्हायची. एकदा मी धीर करून म्हणाले, "बाई, चूक तुमची नाही. त्याला वर मी आणलं." त्या म्हणाल्या, "तू आणलंस, त्यानं विचारलं, पोरीनं सांगितलं. पण सांगायला शिकवलं कोणी?" मग नेहमीसारखा अंगठा फिरवत बसल्या.

गिरणी काही पुन्हा नीट चालली नाही. भोंगा कधी वाजे, कधी नाही, आणि एक दिवस त्याची कोणाला आठवणही राहिली नाही. धुराडं पाडलं तेव्हा बाई निवृत्त झाल्या होत्या. त्या जागी काचेची इमारत उभी राहिली, तिच्या फाटकावर घाडी रखवालदाराच्या गणवेशात बसायचा. मला बघून उठून उभा राहायचा. आम्ही कधी बोललो नाही.

संपानंतर बावीस वर्षांनी, मी त्याच शाळेत मुख्याध्यापिका असताना, एक बाई माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. खांद्याला जाड पिशवी, केस कापलेले, रोखून बघायची सवय तशीच. "प्रधान बाई, ओळखलंत? मी नंदा परब. मोजणी खात्यात आहे, कुडाळला. जमिनी मोजते." प्रशिक्षणासाठी चार दिवस मुंबईत आली होती. "कोचरेकर बाई आहेत ना?"

होत्या. लालबागच्या चाळीत, गुडघे गेलेले, एका डोळ्याने दिसेनासं झालेलं, भाची बघायची. मी नंदाला घेऊन निघाले. चाळीच्या जिन्यात मी विचारलं, "वडील?"

ती थांबली. "ते गेले. आम्ही गावी गेल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात. विहिरीवर पाणी काढायला गेले होते. एका हाताने रहाट ओढायची सवय झाली नव्हती. आजी म्हणायची, पाय घसरला."

"आणि तू?"

"मी तिथे नव्हते. मी ऐकलंय फक्त." मग तिने विचारलं, "बाईंना माहीत आहे?"

"नाही."

ती दोन पायऱ्या चढली आणि म्हणाली, "मग नका सांगू."

बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. नंदाने पाया पडून नाव सांगितलं. बाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, चांगल्या डोळ्याच्या बाजूला वळवला. मोजणी खात्यात आहे म्हटल्यावर हसल्या. साखळीने मोजता की टेपने, शेताचा बांध वाकडा असला तर काय करता, असलं विचारत राहिल्या. नंदा पिशवीतून टेप काढून दाखवायला लागली. मी जरा सैल झाले. आणि मग बाईंनी विचारलंच.

"बापूस कसा आहे?"

"बरे आहेत," नंदा म्हणाली. टेप गुंडाळत होती, वर बघितलं नाही. "हाताने फारसं होत नाही, पण बाग बघतात. मे महिन्यात पंचाहत्तरी केली आम्ही."

मला वाटतं तिने तो आकडा तोंडाला येईल तसा सांगितला. मोजल्याशिवाय आकडा सांगायची तिला सवय नव्हती, त्यामुळे खोटा सांगतानाही जमला नाही. मी बाईंच्या हाताकडे बघितलं. पदराआडून उजवा अंगठा पेरांवरून फिरायला लागला होता. डाव्या हाताचं एक बोट मिटलं, दुसरं मिटलं, तिसरं, चौथं, पाचवं. मूठ झाली. अंगठा आणखी तीन पेरं पुढे सरकला आणि थांबला.

"बरोबर," बाई म्हणाल्या.

ताळा केलास का, असं त्यांनी विचारलं नाही. उठता येत नव्हतं, तरी हात लांब करून खाटेखालून मण्यांचा डबा ओढला आणि नंदापुढे धरला. नंदाने झाकणाला हात लावला आणि मागे घेतला. "तुमच्याकडेच राहू दे, बाई," ती म्हणाली. थोड्या वेळाने निघाली. खाली उतरताना तिने मला विचारलं, "बाईंच्या काही लक्षात आलं का हो?"

"नाही," मी म्हणाले.

तिला गल्लीच्या तोंडाशी सोडून मी वर आले. बाई तशाच बसल्या होत्या, खिडकीसमोरच्या काचेच्या इमारतीवर दुपारचं ऊन पडलं होतं, आणि ते त्यांच्या न दिसणाऱ्या डोळ्यावर येत होतं. डावी मूठ अजून मिटलेली होती. त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला.

"शैला," त्या म्हणाल्या, "एकेचाळीस अधिक बावीस. त्रेसष्टचा असता."

मी डबा उचलला. त्यांनी मूठ उघडली नाही.